ओव्हनमध्ये पोर्क रिब्स करताय? आधी कुकर फळीवर ठेवा

दर डिसेंबरला हेच होतं. नाताळ आणि थर्टीफर्स्टच्या मधल्या आठवड्यात कुणीतरी फोन करतं, "रिब्स तासभर ओव्हनमध्ये आहेत, चावतच नाहीत, काय करू?" मी विचारतो, तापमान किती ठेवलंय? उत्तर ठरलेलं: "फुल्ल."

माझं घर गोव्यातल्या डिचोलीचं. आमच्याकडे पोर्क कधी शिजलं नाही. मी शिकलो ते पणजीत भाड्याने राहताना, घरमालकीण आंटीच्या स्वयंपाकघरात. परत घरी आल्यावर आईने एकच अट घातली, केकचा ओव्हन वेगळा आणि "तुझं ते" मागच्या पडवीत. म्हणून माझा ओटीजी पडवीत असतो आणि गेली दहा-बारा वर्षं मी तिथे स्टूल टाकून बसतो. खालच्या निम्म्या चुका मी स्वतः केल्यात.

पहिली चूक बाजारातच होते

आपल्याकडे पोर्क विकत घेणारा माणूस विंदालू नाहीतर सोरपोतेल, म्हणजे रश्शाचं काहीतरी, करणार हे विक्रेत्याने गृहीतच धरलेलं असतं. "कुडके करूं?" असं तो विचारतो, तुम्ही मोबाइलमध्ये बघत मान हलवता आणि कोयता पडतो. मग घरी येतात दोन-दोन इंचांचे तुकडे. ते ओव्हनमध्ये चारी बाजूंनी सुकतात. कोयता उचलण्याआधीच सांगा, "अख्खी पट्टी जाय," म्हणजे बरगड्यांची सलग पट्टी हवी. वरची चरबी फार जाड असेल तर अर्धा सेंटिमीटर ठेवून बाकीची काढून घ्या, सगळी नको.

हाडांच्या बाजूला पांढरट चिवट पापुद्रा असतो, तो काढा. चमच्याच्या दांड्याने एक टोक उचकटायचं आणि कोरड्या कागदी रुमालात धरून ओढायचं. बोटांनी धरलात तर निसटतो.

कुकर

आता माझ्या डोक्यात जाणारी गोष्ट. "आधी कुकरला तीन शिट्ट्या काढायच्या, मग सॉस लावून ओव्हनमध्ये दहा मिनिटं." हा सल्ला देणारे प्रत्येक घरात एक तरी असतात. आमच्याकडे माझा भाचा आहे. पुण्याहून आला होता, त्याचे चार मित्र बरोबर, आणि मला म्हणाला, "मामा, तू बस, आज मी करतो." मी खरंच बसलो, तीच माझी चूक.

तीन शिट्ट्यांनंतर त्याने झाकण उघडलं तर मांस रबरासारखं. म्हणून आणखी तीन काढल्या. या वेळी हाडं एकीकडे आणि मांस एकीकडे, मधे राखाडी पाणी, वर चरबीचा तवंग. त्याने झाऱ्याने सगळं उचलून ट्रेमध्ये रचलं, वरून सॉस ओतला. ओल्या मांसावर सॉस टिकेना, घसरून ट्रेच्या तळाला जाऊन करपला. पोरांनी पावात घालून खाल्लं आणि "मस्त" म्हणाली, कारण भूक लागली होती. ते पाणी मात्र मी चाखून बघितलं. सगळी चव त्यातच उतरली होती, आणि भाच्याने ते मोरीत ओतलं.

यामागचं कारण साधं आहे. बरगड्यांमधलं मांस म्हणजे चिवट धाग्यांचं, कोलॅजनचं जाळं. मांस आतून ७० अंशांच्या पुढे गेलं की ते हळूहळू विरघळून जिलेटिन व्हायला लागतं, आणि ९० ते ९५ अंशांना पोचेपर्यंत, वेळ दिला तर, नीट मऊ होतं. कुकरमध्येही हे होतं, नाही असं नाही. पण आत पाणी साधारण १२० अंशांवर असतं, सगळं भराभर घडतं, आणि "झालं" व "फाटलं" यांच्यात जेमतेम एका शिट्टीचं अंतर. झाकण लावल्यावर आत बघता येत नाही ते वेगळंच. सोरपोतेलासाठी मांस उकडतात हे मला माहीत आहे, कुणी ते उदाहरण देऊ नका. तिथे ते पाणी परत रश्शातच जातं.

माझी पद्धत अशी: एक किलोला १२ ग्रॅम मीठ, मिरपूड, लसूण, आणि काणकोणची खोला मिरची मिळाली तर तिची पूड, कारण रंग चांगला येतो आणि जीभ जळत नाही. हे चोळून रात्रभर फ्रिजमध्ये. सकाळी बेकिंग पेपरमध्ये आणि त्यावर फॉइलच्या दोन थरांत घट्ट गुंडाळायचं, १३५ अंशांवर अडीच तास. आपल्याकडच्या जाड पट्टीला कधी साडेतीनही लागतात. घड्याळापेक्षा पट्टी बघा. चिमट्याने एका टोकाला धरून उचलली की ती वाकली पाहिजे आणि वरच्या बाजूला भेगा पडायला लागल्या पाहिजेत. हाडांची टोकं सेंटिमीटरभर उघडी पडलेली दिसतात.

काही जण इंटरनेटवर वाचून सांगतात की पोर्क ६३ अंशांना सुरक्षित होतं. होतं, तीन मिनिटं तसंच ठेवलं तर. पण तो हिशोब जंतूंचा झाला. ६३ अंशांची बरगडी चावायला बसलात तर दुपार जाईल.

आणि "हाडावरून आपोआप गळून पडलं पाहिजे" हा हट्टही सोडा. अमेरिकेतल्या बार्बेक्यू स्पर्धांमध्ये गळून पडणारी बरगडी जास्त शिजलेली धरतात. घास घेतल्यावर दातांची खूण दिसायला हवी. गळून पडणारी आवडत असेल तर अर्धा तास जास्त ठेवा, तुमचं ताट तुमचं.

सॉस सुरुवातीलाच लावणं

ही चूक माझी. कार्निव्हलच्या शनिवारी ऑफिसातले आठ जण जेवायला येणार होते, आणि मी हुशारी म्हणून सकाळीच रिब्सना माडाच्या गुळाचा दाट सॉस माखून ओव्हन २२० वर लावून ठेवला. पणजीत मिरवणूक बघून परतलो तर पडवीतून निळसर धूर येत होता आणि शेजारची काकी कंपाउंडवरून विचारत होती, "काय रे, कचरा जाळतोस?" वरून कोळसा, आत गुलाबी. आठ जणांना शेवटी चोरिस-पाव, म्हणजे गोव्याचं पोर्क सॉसेज पावात घालून, खाऊ घातला. ओव्हन सुरू ठेवून घराबाहेर पडलो हे आईला आजही सांगितलेलं नाही.

गूळ, साखर, मध, केचप, सगळ्यांत साखर असते, आणि ती १६० अंशांच्या पुढे आधी तांबूस होते, मग काळी पडून कडू लागते. त्यामुळे सॉस शेवटच्या पंधरा मिनिटांत. फॉइल उघडायचं, पट्टी पुसून कोरडी करायची, पातळ थर, वरची कॉइल चालू करून २०० अंशांवर सहा-सात मिनिटं, परत एक थर, परत तेवढाच वेळ. आणि तिथून हलायचं नाही. ही पंधरा मिनिटं मी फोनसुद्धा उचलत नाही.

सॉस मी असा करतो: एक वाटी टोमॅटोची प्युरी, अर्धी वाटी माडाचा गूळ, पाव वाटी माडाची विनाग्र (माडाच्या ताडीचं व्हिनेगर), लसूण, मिरची, मीठ. वीस मिनिटं मंद आचेवर, चमच्याच्या पाठीला चिकटेपर्यंत. सिंथेटिक व्हिनेगर वापरलंत तर नाकात जातं. बाटलीतला तयार रेशाद मसाला (लाल मिरची-विनाग्रचं वाटण) सॉस म्हणून फासू नका, त्यात मीठ आणि आंबट आधीच भरपूर असतं.

बाकीच्या, पटापट

विनाग्र लावलेलं मांस थेट फॉइलमध्ये रात्रभर ठेवू नका. आंबटामुळे अॅल्युमिनियमला बारीक छिद्रं पडतात आणि रस गळतो. बेकिंग पेपर त्यासाठीच.

फॉइलची चमकदार बाजू आत की बाहेर? काही फरक पडत नाही.

ओटीजीच्या बटणावर विश्वास ठेवू नका. माझा १५० दाखवतो तेव्हा आत १७५ असतं. ओव्हनमध्ये ठेवायचा छोटा थर्मामीटर आणा.

दर दहा मिनिटांनी दार उघडून बघणाऱ्यांनी स्टूल जरा लांब ठेवावं.

धुराचा वास हवा म्हणून पेटता कोळसा वाटीत घालून ओव्हनमध्ये ठेवण्याची कल्पना कुणी सांगितली तर त्याला घरी पाठवा. बंद खोलीत कोळशाच्या धुराने माणूस मरतो, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. धूरच हवा असेल तर अंगणात करवंट्या पेटवून शेवटी त्यावर पट्टी शेका.

पावसात लाईट जाते. ओव्हन बंद पडला तर दार उघडू नका, अर्धा तास काही होत नाही. त्याहून लांबलं तर गुंडाळी जाड बुडाच्या भांड्यात घालून, तळाला कपभर पाणी, झाकण, गॅस अगदी बारीक. "येईल लाईट" म्हणून मांस दोन तास कोमट ठेवलंत तर मात्र ते टाकून द्या.

फॉइलमध्ये साचलेला रस फेकू नका. वाटीत काढून फ्रिजमध्ये ठेवला की वर चरबी गोठते आणि खाली तपकिरी जेली राहते. दोन चमचे सॉसमध्ये जातात. उरलेली जेली दुसऱ्या दिवशी चोरिसच्या पुलावात, आणि त्या दिवशी मीठ घालताना हात आखडता.