क्लॅटचे जुने पेपर सोडवताय? आधी दोन ढीग करा

क्लॅट, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा, द्यायची तर जुने पेपर सोडवा, जुने पेपर सोडवा असं सगळेच सांगतात पण कुठले ते कोणी सांगत नाही. मी नेटवर मिळेल तो पेपर सोडवत सुटले होते, 2012 च्या पेपरात भारी मार्क पडले म्हणून आठवडाभर हवेत, मग नव्या पॅटर्नच्या पेपरने दाणकन खाली आपटलं.

तर 2019 पर्यंतचे पेपर एका ढिगात, त्यात 200 सुटे प्रश्न असायचे. 2020 पासून उतारे वाचून उत्तरं द्यायची, आधी 150 प्रश्न होते आणि क्लॅट 2024 पासून 120 प्रश्न 120 मिनिटांत (हा 2024 चा पेपर झालाय डिसेंबर 2023 मध्ये, शोधताना घोळ होतो). टायमर लावायचा तो फक्त या दुसऱ्या ढिगाला, आणि हे पेपर मोजकेच आहेत म्हणून शेवटच्या दोन महिन्यांसाठी राखून ठेवा, पहिल्याच आठवड्यात उडवू नका.

पहिला ढीग रद्दीत घालू नका पण. त्यातलं गणित आणि लीगलचे 'नियम दिलाय, प्रसंग दिलाय, उत्तर सांगा' वाले प्रश्न रोज वीसेक करा, दिलेल्या नियमाबाहेर डोकं चालवायचं नाही ही सवय तिथेच लागते. जीके सरळ सोडा. कायद्याची जुनी उत्तरंही पाठ करू नका, आयपीसीचं (भारतीय दंड संहिता) कलम 497, व्यभिचाराचं, सुप्रीम कोर्टाने 2018 लाच रद्द केलं आणि 1 जुलै 2024 पासून तर आयपीसीच जाऊन भारतीय न्याय संहिता आलीये.

खरी परीक्षा दुपारी 2 ते 4 असते. म्हणून रविवारी वरणभात खाऊन, डोळे मिटत असताना, झेरॉक्स काढलेल्या ओएमआर उत्तरपत्रिकेवर पेनाने गोळे काळे करत बसा, गोळ्यांना किती वेळ जातो ते तेव्हाच कळतं.

तपासताना फायनल आन्सर की घ्या, आक्षेप यायच्या आधीची पहिली नको. 2025 च्या पेपराच्या उत्तरांवरून तर प्रकरण दिल्ली हायकोर्टापर्यंत गेलं होतं.

आणि चुकांची वही. "सिली मिस्टेक" असं लिहून काही उपयोग नाही, माझ्या वहीत होतं "लॉजिकल, तिसरा उतारा, 'फक्त' हा शब्द वाचलाच नाही". असे 'फक्त' आणि 'वगळता' दोन पानं भरून निघाले तेव्हा लक्षात आलं की लॉजिक ठीक आहे, वाचायची घाई होतेय.

एमएच सीईटी लॉ (महाराष्ट्राची लॉ प्रवेश परीक्षा) पण देणार असाल तर एक, क्लॅटमध्ये चुकीच्या उत्तराला पाव मार्क जातो, सीईटीत निगेटिव्ह नाही, तिथे एकही प्रश्न कोरा सोडू नका.