निवृत्त शिक्षकेतर कर्मचाऱ्याने शाळेत पुन्हा रुजू होण्यापूर्वी

महाराष्ट्रातील खाजगी अनुदानित माध्यमिक शाळांत लिपिक व प्रयोगशाळा सहायक वयाच्या 58व्या वर्षी, तर शिपाई, चौकीदार यांसारखे चतुर्थश्रेणी कर्मचारी 60व्या वर्षी नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त होतात. निरोपाची शाल आणि नारळ घरी पोहोचून महिनाही होत नाही, तोच शाळेतून फोन येतो. दहावीचे अर्ज भरायचे आहेत, जनरल रजिस्टरमधली (विद्यार्थ्यांच्या प्रवेशाच्या नोंदवहीतली) जुनी नोंद सापडत नाही, नव्या माणसाला यू-डायसवर (शाळांची माहिती भरण्याच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीवर) माहिती भरणे जमत नाही, तेव्हा थोडे दिवस या, असा त्याचा मजकूर असतो. जावे की न जावे हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे; मात्र जायचे ठरल्यास कोणत्या कागदावर आणि कोणाच्या पैशातून जायचे, हे आधी ठरले पाहिजे, कारण पुढचे सर्व हक्क त्यावरच अवलंबून असतात.

प्रथम हे समजून घ्यावे की जुने पद परत मिळत नाही. ज्या महिन्यात वय पूर्ण होते त्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी (जन्म 1 तारखेचा असल्यास आधीच्या महिन्याच्या अखेरीस) सेवा संपते आणि शालार्थ या शासनाच्या ऑनलाइन वेतन प्रणालीतून निघणारे वेतन तिथेच थांबते. त्यानंतरच्या कामाला वेतनश्रेणी, वार्षिक वेतनवाढ किंवा ज्येष्ठता लागू होत नाही आणि निवृत्तिवेतनासाठीच्या अर्हताकारी (हिशेबात धरल्या जाणाऱ्या) सेवेत त्याचा एक दिवसही मिळवला जात नाही. संस्थाचालक तोंडी काहीही सांगोत, या कामावर दुसरे निवृत्तिवेतन उभे राहत नाही.

व्यवहारात परतण्याच्या वाटा तीन आहेत. पहिली वाट संस्थेच्या स्वतःच्या निधीतून मानधनावर काम करण्याची. येथे अनुदानाचा संबंध नसतो, त्यामुळे नियुक्ती देणारा आणि पैसे देणारा दोन्ही संस्थाच असते, आणि म्हणून आदेशही संस्थेच्या सचिवाच्या सहीचाच हवा. मुख्याध्यापकांनी चिठ्ठीवर लिहून दिलेले दोन शब्द पुरेसे नाहीत. दुसरी वाट बाह्यस्रोत एजन्सीमार्फत जाण्याची. तिसरी वाट शिपायांपुरती आहे आणि तिच्याविषयी जरा सविस्तर सांगावे लागेल.

दि. 11 डिसेंबर 2020 च्या शासन निर्णयाने अनुदानित शाळांतील चतुर्थश्रेणी पदे, कार्यरत कर्मचारी निवृत्त होतील तसतशी, व्यपगत (रद्द) करून त्याऐवजी शाळेला शिपाई भत्ता देण्याचे ठरले. मुंबई व पुण्यासाठी दरमहा 10,000 रुपये, इतर महानगरपालिका व ‘अ’ वर्ग नगरपालिका क्षेत्रासाठी 7,500 रुपये आणि ग्रामीण भागासाठी 5,000 रुपये, असे त्याचे दर ठरवले गेले. म्हणजे काल नियमित वेतनावर घंटा देणारा माणूस आज त्याच घंटेखाली, त्याच स्टुलावर, भत्त्याच्या रकमेवर बसू शकतो. माझ्या मते निवृत्तिवेतन चालू असलेल्याला हा व्यवहार परवडतो. परंतु त्यासाठी पूर्ण दिवसाची हजेरी कबूल करू नये, कामाचे तास आदेशात लिहून घ्यावेत.

एजन्सीची वाट धरल्यास भविष्य निर्वाह निधीचा एक बारकावा लक्षात ठेवावा. वयाची 58 वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीसाठी कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत वर्गणी जमा करता येत नाही. त्यामुळे निधी कापला जात असेल तर मालकाचा संपूर्ण हिस्सा भविष्य निर्वाह निधीच्याच खात्यात जमा झाला पाहिजे. पगारपत्रकात तो दोन ठिकाणी विभागलेला दिसल्यास लगेच दुरुस्ती मागावी. दरमहा वेतन 21,000 रुपयांपर्यंत असून आस्थापना कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) योजनेखाली येत असेल, तर त्या योजनेला मात्र वयाची अट नाही.

निवृत्तिवेतन बंद पडेल ही भीती बहुतेकांना असते. संस्थेच्या मानधनामुळे ते बंद होत नाही, पण लपवाछपवी करू नये. दरवर्षी नोव्हेंबरमध्ये बँकेत हयातीच्या दाखल्यासाठी सही करताना पुनर्नोकरी स्वीकारली आहे का, हेही विचारलेले असते. मागे लांब रांग आहे म्हणून तो रकाना रिकामा ठेवून पुढे सरकण्याची अनेकांना सवय आहे, आणि नेमका तोच रकाना नंतर कोषागाराच्या पत्रव्यवहाराचे कारण ठरतो. कामाचे स्वरूप, दरमहाची रक्कम आणि पैसे देणाऱ्याचे नाव लिहिलेला एक साधा अर्ज कोषागारात द्यावा आणि त्याची पोच जपून ठेवावी.

बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या घटनेनंतर ऑगस्ट 2024 मध्ये निघालेल्या शासन निर्णयामुळे शाळेत नेमल्या जाणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या पोलीस पडताळणीवर भर आला आहे. तीस वर्षे याच शाळेत काढली, आता माझी कसली चौकशी, असे वाटणे स्वाभाविक आहे. तरीही चारित्र्य पडताळणीचा दाखला रुजू होण्यापूर्वीच काढून द्यावा.

लिपिकांसाठी आणखी एक गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. जनरल रजिस्टर उघडून जुनी नोंद शोधून देणे हे साहाय्य झाले. मात्र त्या रजिस्टरवर, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर किंवा रोकडवहीवर लिपिक म्हणून सही करणे हे पदाचे काम आहे आणि ते पद आता आपल्याकडे नाही. विशेषतः जन्मतारीख वा जातीची नोंद दुरुस्त करून देण्याची विनंती आल्यास हात आखडता घ्यावा, कारण विद्यार्थी शाळा सोडून गेल्यावर अशी दुरुस्ती सक्षम अधिकाऱ्याच्या मान्यतेशिवाय करता येत नाही आणि हस्ताक्षर कोणाचे हे नंतर सहज ओळखू येते. सही कार्यरत लिपिकाने करावी, आपण शेजारी बसून सांगावे.

आयकराच्या बाबतीत निवृत्तिवेतन आणि नवी मिळकत एकत्र धरली जाते. बहुतेकांची एकूण रक्कम करपात्र मर्यादेखालीच राहते. तरीही मानधनातून कर कापला गेला असेल, तर तो विवरणपत्र भरल्याशिवाय परत मिळत नाही.

शेवटी, आदेशात समाप्तीची तारीख असावी. त्या दिवशी कपाटाच्या किल्ल्या, संगणकाचे पासवर्ड आणि हाताळलेल्या नोंदवह्यांची यादी नव्या कर्मचाऱ्याच्या स्वाधीन करून दोन प्रतींवर सह्या घ्याव्यात व एक प्रत घरी न्यावी.