वेक काउंटीत इयर-राउंड शाळेचा ट्रॅक कसा निवडावा

नॉर्थ कॅरोलिनाच्या वेक काउंटीतल्या कॅरी, मॉरिसव्हिल किंवा एपेक्समध्ये नव्याने राहायला आलेल्या मराठी कुटुंबाला पहिल्या महिन्यातच कोणीतरी ठासून सांगते की, वर्षभर चालणाऱ्या इयर-राउंड शाळेत मुलांचे जे गट, म्हणजे ट्रॅक, असतात त्यांतला जो सर्वांत उशिरा सुरू होतो तोच डोळे मिटून भरावा, कारण त्यात निदान जुलै तरी मोकळा मिळतो. हा सल्ला मीही ऐकला, पाळला आणि पुढे वर्षभर निस्तरत बसले. त्यानंतर स्वतःच्या दोन मुलांसाठी आणि ओळखीतल्या दहा-बारा घरांसाठी मी हे पसंतीक्रम लावून दिले आहेत, आणि आता कोणी जुलैचे नाव काढले की माझा संयम सुटतो.

आधी ही व्यवस्था कशासाठी आहे ते ध्यानात घ्यावे. वेक काउंटी हा राज्यातला सर्वांत मोठा शालेय जिल्हा असून तिथली वस्ती ज्या वेगाने वाढली त्या वेगाने शाळांच्या इमारती उभ्या राहू शकल्या नाहीत. मल्टी-ट्रॅक शाळेत मुलांचे चार गट पाडतात, प्रत्येक गटाला 45 दिवस शाळा आणि मग 15 दिवस सुट्टी असे चार फेरे मिळून 180 दिवस भरतात, आणि चारांपैकी एक गट नेहमी घरी असल्यामुळे 750 मुलांच्या इमारतीत 1000 मुले शिकू शकतात. म्हणजे ट्रॅक हे इमारतीच्या सोयीसाठी आहेत, तुमच्या नाहीत. 2007 मध्ये काउंटीने अनेक शाळा इयर-राउंड केल्या तेव्हा पालक न्यायालयात गेले होते, आणि त्यासाठी पालकांची संमती लागत नाही असा निकाल राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये दिला. तेव्हा पसंती कळवता येते, हक्क सांगता येत नाही, हे मनाशी पक्के करूनच पुढे जावे.

पहिले काम सोपे आहे: तुमच्या पत्त्यावरून ठरणारी बेस स्कूल मल्टी-ट्रॅक आहे, सिंगल-ट्रॅक (इयर-राउंडच, पण सर्व मुलांना एकच कॅलेंडर) आहे की ट्रॅडिशनल (लांब उन्हाळी सुट्टीची), ते पाहावे. सिंगल-ट्रॅक असेल तर निवडण्यासारखे काही नाही, हा लेख इथेच सोडावा.

दुसरे काम म्हणजे शाळेच्या ऑफिसला फोन करून तीन गोष्टी विचारणे: मुलाला स्पीच थेरपी किंवा इंग्रजीची जादा मदत लागत असेल तर ती सेवा ठरावीक ट्रॅकलाच बांधलेली आहे का, भावंडांना एकच ट्रॅक देतात का, आणि पुढच्या वर्षी ट्रॅक बदलून मागायचा झाल्यास काय करावे लागते. उत्तरे कागदावर लिहून ठेवावीत.

सुट्ट्या मोजू नका, एकमेकींवर ठेवून पाहा

तिसरे काम हेच खरे काम आहे आणि बहुतेक पालक ते करतच नाहीत. चारही ट्रॅकना सुट्टीचे दिवस सारखेच मिळतात, त्यामुळे कोणाला जास्त सुट्टी आहे हा प्रश्नच चुकीचा आहे. ती सुट्टी तुमच्या घरातल्या बाकीच्या माणसांच्या मोकळ्या दिवसांवर येऊन पडते की त्यांच्या कामाच्या दिवसांवर, एवढेच पाहायचे असते.

वर्ष जुलैच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात सुरू होते असे धरून तीन-तीन आठवड्यांचे तुकडे पाडत जावे. आमच्या घरात आम्ही ट्रॅकना क्रमांकाने ओळखत नाही, पहिल्या सुट्टीवरून ओळखतो. ‘जुलैचा’ ट्रॅक सुरुवातीचे तीन आठवडे घरीच असतो, नंतर त्याची सुट्टी ऑक्टोबरच्या पूर्वार्धात, नाताळानंतर जानेवारीत आणि मग एप्रिलच्या सुरुवातीला येते. ‘ऑगस्टचा’ ट्रॅक तीन आठवडे शाळेत जाऊन ऑगस्टच्या मध्यापर्यंत घरी येतो, पुढे दिवाळीच्या सुमारास, फेब्रुवारीत आणि एप्रिलच्या उत्तरार्धापासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. ‘लेबर डेचा’ (सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारच्या सुट्टीचा) ट्रॅक ऑगस्टअखेर, नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या आसपास, मार्चच्या तोंडावर आणि मेच्या उत्तरार्धात सुटतो. ‘सप्टेंबरचा’ ट्रॅक सप्टेंबरात, डिसेंबरात, मार्चअखेर आणि जूनमध्ये. कोणता क्रमांक कोणत्या पायरीवर आहे आणि नेमक्या तारखा कोणत्या, हे तुमच्या वर्षाच्या छापील कॅलेंडरवरूनच घ्यावे, शेजारणीच्या आठवणीवरून नव्हे.

आता हे चारही पट्टे वर्षाच्या एकाच मोठ्या कागदावर रंगवावेत. त्याच कागदावर आईच्या आणि वडिलांच्या रजा, ऑफिसात रजा मिळूच शकत नाही असे आठवडे, आणि मोठे भावंड ट्रॅडिशनल शाळेत असेल तर त्याचेही कॅलेंडर उतरवावे. राज्य कायद्यानुसार ट्रॅडिशनल शाळा 26 ऑगस्टच्या जवळच्या सोमवारआधी उघडत नाहीत आणि 11 जूनच्या जवळच्या शुक्रवारपर्यंत आटोपतात. इयर-राउंड शाळांना हे बंधन नाही. काउंटीतल्या हायस्कुलांत मल्टी-ट्रॅक नसतो, त्यामुळे मोठे मूल आज ना उद्या त्या दुसऱ्या कॅलेंडरवर जाणारच आहे. दोन्ही मुले एकाच वेळी घरी असलेले दिवस वेगळ्या रंगाने भरून मोजावेत.

हा आकडा मी पहिल्या वर्षी मोजला नव्हता. सगळ्यांसारखा जुलैचा ट्रॅक पहिल्या पसंतीला टाकला, तो मिळाला म्हणून पेढेही वाटले. जून उजाडला तेव्हा मोठा मुलगा सोफ्यावर लोळत होता आणि धाकटी महिनाअखेरपर्यंत रोज सकाळी डबा घेऊन बसला उभी राहत होती. जुलैचे तीन आठवडे काय ते सामाईक मिळाले, म्हणून तेवढ्यात भारतात जायचे ठरवले. तिकिटे ऐन हंगामातली. सांगलीला पोहोचलो तर मामाच्या घरची दोन्ही मुले सकाळी सातला रेनकोट चढवून शाळेच्या रिक्षात बसत आणि क्लास उरकून अंधार पडताना परत येत. धाकटी ओसरीवर पागोळ्या बघत बसायची. आठव्या दिवशी तिने विचारले, "इथे सुट्टी कधी लागते?" त्या प्रश्नाचे उत्तर मला फॉर्म भरण्यापूर्वी ठाऊक असायला हवे होते, कारण महाराष्ट्रातल्या शाळा जूनच्या मध्यापासून भरतात आणि त्यांची उन्हाळी सुट्टी मुख्यतः मे महिन्यात असते, हे मी स्वतः त्याच शाळांत शिकून आलेली बाई विसरले होते.

म्हणून माझे ठाम मत असे की, ज्या घराची गावाकडची ओढ खरी आहे आणि जिथे आतेमामेभावंडे अजून शाळकरी आहेत, त्यांनी ऑगस्टचा ट्रॅक वरती ठेवावा. एप्रिलच्या उत्तरार्धातली त्याची सुट्टी परीक्षा संपलेल्या भावंडांच्या सुट्टीवर येऊन पडते, आंबा असतो, आणि अमेरिकेतल्या उन्हाळी गर्दीच्या आधीचे तिकीट मिळते. लेबर डेच्या ट्रॅकची मेमधली सुट्टी कागदावर तितकीच सुंदर दिसते, पण तिथे एक खोच आहे. तिसरी ते आठवीच्या राज्य परीक्षा वर्षाच्या शेवटच्या दहा दिवसांत घेतल्या जातात, आणि हा ट्रॅक त्या सुट्टीनंतर जेमतेम तीन आठवडे शाळेत असतो. पुण्याहून परतलेले, पहाटे तीनला टक्क जागे होणारे मूल चार दिवसांत परीक्षेच्या तोंडाशी उभे करायचे का, हे ज्याचे त्याने ठरवावे. मी करणार नाही.

दिवाळीसाठी म्हणून ट्रॅक निवडणारे पालक मला दरवर्षी भेटतात आणि दरवर्षी मी त्यांना कालनिर्णय उघडायला लावते. लक्ष्मीपूजन 2025 मध्ये 21 ऑक्टोबरला होते, 2026 मध्ये ते अधिक महिन्यामुळे 8 नोव्हेंबरला गेले, 2027 मध्ये 29 ऑक्टोबरला येते. गणेश चतुर्थीही त्याच वर्षांत 27 ऑगस्ट, 14 सप्टेंबर आणि 4 सप्टेंबर अशी हलते. ट्रॅक मात्र प्राथमिक शाळेची सहा वर्षे सहसा तोच राहतो. तीन आठवड्यांची खिडकी एका जागी आणि सण मागेपुढे, असा हा मामला असल्याने ऑगस्टच्या ट्रॅकला दिवाळी बऱ्याचदा सापडते तो त्याचा वरकमाईचा गुण समजावा, निवडीचे कारण नव्हे.

लग्नसराईसाठी किंवा आजी-आजोबांना निवांत भेटण्यासाठी हिवाळ्यातच जाणारी घरे वेगळी. सप्टेंबरच्या ट्रॅकची डिसेंबरातली सुट्टी नाताळच्या सुट्टीला आधीच्या बाजूने लागून येते आणि जुलैच्या ट्रॅकची जानेवारीतली नंतरच्या बाजूने, त्यामुळे दोघांनाही सुमारे पाच आठवडे सलग मिळू शकतात. त्यातही सप्टेंबरचा ट्रॅक बरा, कारण नाताळच्या आठवड्यातली महागडी तिकिटे टाळून डिसेंबर लागताच निघता येते.

ऑगस्टच्या ट्रॅकविरुद्ध एक आक्षेप खरा आहे आणि तो मी झाकणार नाही. किंडरगार्टनचे मूल तीन आठवडे रडून, वर्गाची नुकती सवय होऊन, लगेच तीन आठवड्यांसाठी घरी येते आणि परत गेल्यावर पुन्हा पहिल्यापासून रडते. 31 ऑगस्टच्या आत पाच वर्षे पूर्ण करणारी उन्हाळ्यात जन्मलेली मुले वर्गात सर्वांत लहान असतात, त्यांना हे जास्त जड जाते. तरीही मी सहा वर्षांकडे पाहून निवडावे असेच सांगते. एका ऑगस्टचे रडणे सप्टेंबरात थांबते.

पसंतीक्रम भरणे हे चौथे काम पाच मिनिटांचे आहे, पण चारही क्रम भरावेत. एकच क्रम भरून बाकीचे रिकामे सोडल्याने शाळेवर दडपण येते असा एक समज फिरत असतो. तो खोटा आहे. रिकाम्या जागेचा अर्थ ‘काहीही चालेल’ असाच घेतला जातो, आणि मग नको असलेला ट्रॅक हाती आल्यावर तक्रारीला जागा उरत नाही. शेवटच्या क्रमांकावर तो ट्रॅक टाकावा ज्यात तुमच्या कागदावर सामाईक मोकळ्या दिवसांचा रंग सर्वांत कमी दिसतो. पहिली पसंती मिळेल हे गृहीत धरून ट्रॅक कळण्याआधी विमानाची तिकिटे काढू नयेत. काढणारे असतात.

ट्रॅक कळला त्याच दिवशी पुढच्या कामाला लागावे. नोकरी करणाऱ्या आईवडिलांसाठी वर्षातून बारा आठवडे मूल कुठे ठेवायचे हा प्रश्न असतो आणि त्याचे इथले उत्तर ट्रॅक-आउट कॅम्प, म्हणजे ट्रॅकच्या सुट्टीतली शिबिरे, हे आहे. वायएमसीए, शहरांचे पार्क विभाग, कराटे आणि जिम्नॅस्टिक्सचे वर्ग असे अनेकजण ते चालवतात. सोयीच्या जागा नोंदणी उघडल्यावर काही मिनिटांत संपतात, तेव्हा नोंदणीची तारीख फोनवर गजर लावून ठेवावी आणि आदल्या रात्रीच खाते उघडून, लसीकरणाचा कागद अपलोड करून तयार राहावे. बारापैकी बारा आठवडे कॅम्पात घालू नयेत. खर्चाचे सोडा, मूल वैतागते. आम्ही दोघांच्या रजा एकत्र न घेता आळीपाळीने घेऊन चार आठवडे भरतो, एक आठवडा दुसऱ्या मराठी घराशी अदलाबदल करतो, आणि उरलेल्यांसाठी कॅम्प.

कॅम्पचा खर्च करपूर्व पैशांतून भागवता येतो, हे फार जणांना माहीत नसते. ऑफिसात डिपेंडंट केअर एफएसए (मुलांच्या सांभाळासाठी पगारातून करपूर्व पैसे बाजूला ठेवण्याचे खाते) असेल तर 13 वर्षांखालील मुलाच्या दिवसाच्या कॅम्पचा खर्च त्यात बसतो, रात्रीच्या मुक्कामाचा कॅम्प बसत नाही. 2026 पासून त्याची कुटुंबामागची वार्षिक मर्यादा 5000 वरून 7500 डॉलर झाली आहे. मात्र नावनोंदणी आदल्या शरद ऋतूतच करावी लागते, म्हणून बारा आठवड्यांचा हिशेब तोपर्यंत तयार हवा.

शेवटचे एक. ट्रॅक-आउटच्या, म्हणजे सुट्टी लागण्याच्या, शुक्रवारी मुलाबरोबर नेहमीच्या दप्तराशिवाय एक मोठी, पक्क्या बंदांची रिकामी पिशवी द्यावी. सोमवारी तो वर्ग बहुधा दुसऱ्या ट्रॅककडे जाणार असतो, त्यामुळे शिक्षिका आपले सामान चाकांच्या कपाटात भरून ढकलत नेतात आणि मुलांना बाकातली प्रत्येक वस्तू घरी आणावी लागते: अर्धवट क्रेयॉन, लायब्ररीचे पुस्तक, एकच हातमोजा, आणि नऊ आठवड्यांपूर्वी हरवला म्हणून नवा घेतलेला डबा.