अंगणवाडी आणि घर: कोकणातल्या पालकांनी आणि सेविकांनी या चुका टाळा

अंगणवाडीबद्दलच्या बहुतेक तक्रारींच्या मुळाशी एकच गोष्ट सापडते. घरची खबर अंगणवाडीत पोचलेली नसते आणि अंगणवाडीतली घरी. मूल दिवसातले काही तास बाईंकडे आणि उरलेला वेळ आईकडे किंवा आजीकडे असतं, पण या मोठ्या माणसांचं आपसात बोलणं ‘आलो, चाललो’ एवढंच. पुढच्या चुका त्यातूनच होतात.

वजन झालं, पण घरी कुणाला ठाऊक नाही

ही सगळ्यांत महागात पडणारी चूक, म्हणून आधी हिच्याबद्दल.

दर महिन्याला वजन-उंची होते, सेविका मोबाइलवर पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या सरकारी अ‍ॅपमध्ये आकडे भरते. पण न्यायला येते आजी. पोराला काखेला मारते, छत्री उघडते आणि पाणंदीला लागते. आई मासे विकून दुपारी घरी येते तेव्हा वजनाचा विषयही निघत नाही.

एका महिन्याचा आकडा फारसं काही सांगत नाही, खरं काय ते आलेखाची रेषा सांगते. माता-बाल संरक्षण कार्ड अंगणवाडीत न्या आणि वजन त्याच्यावर मांडून घ्या. सलग दोन महिने रेषा आडवी गेली, तर मूल हिरव्या पट्ट्यात, म्हणजे ठीक वजनाच्या पट्ट्यात असलं तरी गप्प बसू नका. आधी पाहा, काटा शून्यावर होता का? मागचं वजन स्वेटर-रेनकोटासकट झालं होतं का? मधे ताप किंवा जुलाब येऊन गेले का? पावसाळ्यात बहुतेकदा शेवटचंच कारण निघतं. जुलाबात ओआरएस देतात, पण झिंकच्या गोळ्या जुलाब थांबले की बंद होतात. त्या १४ दिवस पुऱ्या द्यायच्या असतात.

दंडाचा घेर १२.५ सेंटिमीटरच्या खाली असेल तर मुलावर बारीक लक्ष हवं. ११.५ च्या खाली गेला किंवा दोन्ही पावलांवर सूज दिसली, तर आशाताईंना घेऊन त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. ‘अंगकाठीच बारीक आहे, बापूसपण असाच होता’ म्हणून थांबू नका.

आता ताटाकडे वळू. सकाळी चहात बुडवलेलं बटर, मग पातळ पेज. पोट तुडुंब भरतं, अंगाला लागत नाही. चहामुळे अन्नातलं लोहही नीट शोषलं जात नाही. पेज घट्ट करा, वर चमचाभर तेल किंवा खवलेला नारळ घाला, सोबत कुळथाची पिठी किंवा भाजून कुटलेला जवळा द्या. हे सगळं घरातच असतं. आणि मूल घरी काय खातं, काय थुंकतं, हे बाईंना सांगा. अंगणवाडीतल्या आहारातून कॅलरी आणि प्रथिनं मिळायची असतात, तीही घरच्या जेवणाला जोड म्हणून. ‘तिथे जेवला’ म्हणून घरचं दुपारचं जेवण चुकवलं, तर ही जोड वायाच गेली.

६ महिने ते ३ वर्षांच्या बाळांचा आहार घरी येतो. तो घरभर वाटू नका. चव आवडत नसेल तर पाकीट फडताळात ठेवून न देता बाईंना विचारा. घावनात किंवा लापशीत मिसळून पुष्कळ मुलं खातात.

‘नुसतं खेळवतात, शिकवत काही नाहीत’

असं म्हणून चार वर्षांचं पोर व्हॅनमध्ये घालून तालुक्याच्या मिनी केजीला धाडलं जातं. घाटीच्या रस्त्याने रोज तासभर, आणि तिथे काय, तर पाटीवर एबीसीडी. मला हे मनापासून पटत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ३ ते ८ हा वयोगट एकच पायाभूत टप्पा धरला आहे, आणि त्यातली पहिलीआधीची तीन वर्षं खेळातून शिकण्याची आहेत. शिंपले आकाराप्रमाणे लावणं ही गणिताची सुरुवात, मणी ओवणं ही लिहिण्याची. बोटांत बळ येण्याआधी पेन्सिल दिली की मूल ती मुठीत धरतं आणि कंटाळतं.

घरी आल्यावर ‘आज काय शिकवलं?’ असं विचारू नका. ‘कोणाबरोबर खेळलास? कुठलं गाणं म्हटलंस?’ असं विचारा, पोर बोलायला लागेल.

अंगणवाडी खरोखरच फक्त खिचडीपुरती उघडत असेल, तर तुमची तक्रार रास्त आहे. तिचा मार्ग शेवटी दिला आहे.

सेविकांकडून होणाऱ्या चुका

पालक मेळाव्याची वेळ सकाळी अकरा. लावणीच्या दिवसांत कोण येणार? मग ‘पालकांना आस्थाच नाही’ असा शेरा पडतो. कोळीवाड्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, खलाशी बाप घरी असतात. वर्षभर न भेटणारे बाप बोलवायचे तर हेच दोन महिने. शेतकरी वाडीत मात्र जुलै सोडा, आंब्याचा हंगामही सोडा, आणि गणपतीत चाकरमानी गावी येतात तेव्हा संध्याकाळी बसा.

दुसरी चूक चारचौघांत वजन सांगण्याची. ‘तुझं पोर लाल रेषेत गेलं बघ’ हे सगळ्या बायांसमोर ऐकलेली आई पुढच्या महिन्यात वजनाला येत नाही. बाजूला घ्या, आधी ‘हल्ली जेवतो का नीट?’ विचारा, मग आकडा सांगा.

मूल मालवणीत ‘माका व्हया’ म्हणालं तर टोकू नका, हवं ते द्या. प्रमाण मराठी गाण्या-गोष्टींतून येईलच. याच किनाऱ्यावर, बोर्डीला, १९४५ मध्ये बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्राचं काम सुरू केलं. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच पाड्यावर, घरांच्या अंगणात नेली. मूल आठवडाभर आलं नाही की त्याच्या घरी एक फेरी मारणं, ही त्याच कामाची आजची रीत.

येता-जाता अडणारी कामं

मुंबईहून बाळंतपणाला आलेली लेक किंवा आंब्याच्या बागेत राखणीला आलेलं नेपाळी कुटुंब, ‘आमचं नाव इथे नाही’ म्हणून अंगणवाडीकडे फिरकत नाही. मूल जिथे राहतं तिथल्या अंगणवाडीत त्याला सेवा मिळते. नाव आधी दुसरीकडे असेल तर ट्रॅकरमध्ये ते हलवता येतं. त्यासाठी आधार कार्ड, मोबाइल नंबर आणि आधीच्या अंगणवाडीचं नाव घेऊन जा.

आहार निकृष्ट आला, केंद्र बंद राहिलं, छप्पर गळतंय, तर आधी सेविकेशी बोला. पुष्कळदा ती स्वतःच वर कळवून थकलेली असते, तिला तुमच्या सह्यांचा आधार होतो. मग मुख्यसेविका (सेविकांच्या कामावर देखरेख करणाऱ्या), त्यानंतर बाल विकास प्रकल्प अधिकारी. अर्ज लेखी द्या, तारीख घाला, पोच घ्या आणि तोच विषय ग्रामसभेत मांडून इतिवृत्तात नोंदवून घ्या.