घरच्या अन्नकचऱ्याचं खत करताना या चुका टाळा

पहिली चूक डबा आणण्याआधीच होते: ‘खत करतोच आहोत, मग अन्न उरलं तर उरलं.’ अन्न पिकवताना आणि आणताना लागलेलं पाणी, जमीन, इंधन खतातून परत मिळत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानुसार २०२२मध्ये जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न (साली-हाडांसकट) वाया गेलं, त्यातलं ६० टक्के घरांतून. म्हणून आधी आठवडाभर वजन करा. साली-देठं वेगळी, खाण्याजोगं वेगळं. खाण्याजोगं कमी करायचं, खत सालींचं.

दुसरी चूक सर्रास दिसते: नुसता ओला कचरा आणि घट्ट झाकण. आठ-दहा दिवस सगळं ठीक वाटतं. मग झाकण उघडताच कुजक्या अंड्यांचा वास येतो, तळाशी काळं पाणी साचलेलं असतं. घाबरून कुणी वर फिनेल ओततं, म्हणजे उरलेसुरले जिवाणूही मरतात. शेवटी सगळं कचऱ्याच्या गाडीत आणि तिथून कचराभूमीवर. तिथे ढिगाखाली हवा नसल्याने मिथेन तयार होतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरतो. ज्यासाठी खटाटोप केला, तेच हातून घडतं.

असा डबा फेकू नका. सगळं जुन्या कापडावर पसरा, जवळपास तितकाच कोरडा पालापाचोळा, भुसा किंवा फाडलेला पुठ्ठा मिसळा, डब्याच्या तळाला आणि बाजूंना भोकं पाडा, आठवडाभर नवं काही टाकू नका. पुढे एक वाटी ओल्याला दोन वाट्या कोरडं, त्याच वेळी. ‘नंतर टाकू’ म्हटलं की राहतंच. मूठ दाबली की एक-दोन थेंब यावेत. धार लागली तर कोरडं वाढवा, थेंबही नसेल तर पाणी शिंपडा. नाकात झोंबणारा अमोनियाचा वास आला तर नत्र जास्त झालंय, उपाय कोरडंच.

तुकडे दोन-तीन सेंटिमीटरचे करा. चिलटं आली तर वरचा थर कोरड्याने झाका.

‘कंपोस्टेबल’ लिहिलेल्या बहुतेक पिशव्यांना कारखान्यातली उष्णता लागते, घरच्या डब्यात त्या तशाच राहतात. महागड्या पावडरींपेक्षा मूठभर तयार खत विरजणासारखं घाला.

आणि घाई नको. महिन्याभरात काळं दिसलं म्हणून कुंडीत ओतलेलं अर्धकच्चं खत मुळांजवळ कुजत राहतं, रोपं पिवळी पडतात. साली ओळखू येत नाहीत आणि मातीचा वास येतो तेव्हाच ते चाळा. चाळणीत अडकलेले तुकडे पुन्हा डब्यात.