सृष्टी आणि शास्त्र एकत्र कसे वाचावे: १९ व्या स्तोत्राच्या आधारे अभ्यास

देव निर्माण केलेल्या सृष्टीतून आणि पवित्र शास्त्रातून, म्हणजे बायबलमधून, स्वतःला प्रकट करतो, अशी ख्रिस्ती धर्मशास्त्राची शिकवण आहे. पहिल्याला सामान्य प्रकटीकरण म्हणतात, दुसऱ्याला विशेष प्रकटीकरण. साताऱ्यातील मंडळीच्या तरुणांना हा विषय शिकवायचा असेल, तर व्याख्या पाठ करून न घेता स्तोत्रसंहितेतील १९ वे स्तोत्र हाती घ्यावे.

पहिली सहा वचने उघड्यावर वाचावीत आणि सप्टेंबरात जमल्यास कास पठारावर जावे. तेथे सगळे पठार नजरेखालून घालण्यापेक्षा वाटेच्या कडेचे एकच फूल, म्हणजे सीतेची आसवे, निरखायला सांगावे. हे फूल इवलेसे, निळसर-जांभळे असते. मात्र जांभ्या खडकावरील ओल्या, निकस मातीत पोषण अपुरे पडत असल्याने हीच वनस्पती आपल्या सूक्ष्म पिशव्यांत बारीक जीव पकडून जगते. सौंदर्य आणि भक्षण एकाच रोपात आहे, ही गोष्ट शिक्षकाने मुळीच झाकू नये. रोमकरांस पत्राच्या १:२० प्रमाणे सृष्टीतून देवाचे सनातन सामर्थ्य आणि देवपण ओळखता येते. तो पाप्याला क्षमा करतो की नाही, हे मात्र तिच्यातून कळत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत ज्यांच्या घरात कृष्णेचे पाणी शिरले, त्यांना केवळ नदीकडे पाहून देवाची प्रीती ओळखण्यास सांगणे निष्ठुरपणाचे होईल. सृष्टी कण्हत आहे, असे त्याच पत्राचा आठवा अध्याय म्हणतो.

दुसऱ्या बैठकीत सात ते चौदा ही वचने घ्यावीत आणि बाराव्या वचनावर पुरेसा वेळ थांबावे. आकाश आणि सूर्य यांचे वर्णन करताना स्तोत्रकर्ता स्वतःविषयी एक अक्षरही काढत नाही. परमेश्वराच्या नियमशास्त्रापाशी आल्यावर मात्र तो आपल्या गुप्त दोषांची क्षमा मागतो. माझ्या मते दोन्ही प्रकटीकरणांतील भेद याहून स्पष्टपणे कोठेच दिसत नाही, म्हणून तो तरुणांना स्वतः शोधू द्यावा.

त्यानंतर पुन्हा सृष्टीकडे वळावे, कारण धर्मसुधारक जॉन कॅल्विनने १६ व्या शतकात शास्त्राला चष्म्याची उपमा दिली ती याचसाठी, की त्यातून पाहिले म्हणजे सृष्टीतील अंधूक अक्षरे नीट वाचता येतात. १०४ व्या स्तोत्रात तरुण सिंह भक्ष्यासाठी गर्जना करीत देवाजवळच अन्न मागतात. सौंदर्य आणि भक्षण एकाच रोपात कसे, हा कासच्या फुलाविषयी पडलेला प्रश्न येथे मांडावा. शेवटी इब्री लोकांस पत्राची पहिली तीन वचने वाचावीत. ज्याच्या द्वारे देवाने विश्व निर्माण केले, त्याच पुत्राच्या द्वारे तो आपल्याशी बोलला आहे, असे तेथे म्हटले आहे. म्हणून अभ्यासाच्या अखेरीस ख्रिस्ताचे नाव घेतले गेलेच पाहिजे.

वाडीवस्तीवरील शेतकरी कुटुंबांत हाच अभ्यास घेताना प्रेषितांच्या कृत्यांतील १४:१७ पासून आरंभ करणे अधिक सोयीचे पडते, कारण लुस्त्र या नगरात प्रेषित पौलानेही पाऊस आणि पिकांचे हंगाम यांचाच दाखला दिला होता.