उद्याच्या चालीआधी

लांब पल्ल्याच्या डोंगरवाटेवर दुसऱ्या दिवसाची तयारी आदल्या संध्याकाळीच उरकावी, उजेड असताना. सॅकला हात लावण्याआधी नकाशा उघडा आणि उद्याचं अंतर, एकूण चढ बघा. दर 5 किलोमीटरला एक तास आणि दर 600 मीटर चढाला आणखी एक, हा स्कॉटिश गिर्यारोहक नेस्मिथचा 1892 सालचा हिशोब आजही कामाचा आहे. म्हणजे 15 किलोमीटर आणि 1200 मीटर चढाला पाच तास. पण यात विश्रांती नाही, जेवण नाही, पाठीवरचं ओझं नाही. भरल्या सॅकनिशी मी तरी साडेसात तास धरतो. मुक्कामाला अंधाराच्या दोन तास आधी पोचायचं ठरवून उलटं मोजत या. निघायची वेळ पहाटे पाचची आली, तर कुरकुर न करता गजर लावा. ‘अमुक वाजेपर्यंत खिंड गाठली नाही तर मागे फिरायचं’ ही वेळही आत्ताच ठरवा. चढावर दमलेलं डोकं ती ठरवू देत नाही.

मग पाय. नखं आखूड हवीत, नाहीतर लांब उतारावर बोटं बुटाच्या टोकावर आपटून काळीनिळी होतात. चालायचे मोजे दोन जोड, आणि तिसरा फक्त झोपताना घालायचा. तो कितीही मोह झाला तरी वाटेवर काढायचा नाही. चिकटपट्टी प्रथमोपचाराच्या डबीत तळाशी नको, कंबरपट्ट्याच्या खिशात हवी. टाचेला चटका जाणवला की तिथल्या तिथे बसून पट्टी लावायची. ‘पुढच्या टेकाडावर बघू’ म्हणून मी एकदा चालत राहिलो आणि पुढचे तीन दिवस लंगडलो.

पाण्याचा अंदाज साधारण चालीला ताशी अर्धा लिटर, उन्हात जास्त. एक लिटर म्हणजे एक किलो, त्यामुळे वाटेतली पाण्याची ठिकाणं नकाशावर आधीच खुणावून ठेवा. झरा कितीही नितळ दिसला तरी पाणी खळखळून उकळा: एक मिनिट, 2000 मीटरच्या वर तीन मिनिटं. क्लोरीनच्या गोळीला किमान अर्धा तास द्या, थंड पाण्याला त्याहून जास्त.

सॅक भरताना स्वतःला एकच विचारायचं: भर पावसात, गारठलेल्या बोटांनी यातलं काय शोधावं लागेल? ते वर. स्लीपिंग बॅग तळाशी, जड सामान पाठीला चिकटून मधोमध, रेनकोट आणि उबदार जॅकेट अगदी वर. नुसत्या रेनकव्हरवर भिस्त नको, पाणी पाठीकडून उतरतंच. आत जाड प्लास्टिकची पिशवी घालून त्यातच सगळं भरा. सुती कपडे नकोत, ते ओले झाले की वाळत नाहीत आणि अंगातली ऊब ओढून घेतात. दर 1000 मीटरला हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते, वारा वेगळाच. म्हणून थांबलात की घाम गार पडायच्या आत जॅकेट अंगावर.

बाकीचं पटकन. हेडटॉर्च दिवसाउजेडी पोचणार असलात तरी घ्या. फोन फ्लाइट मोडवर, रात्री तो आणि बॅटऱ्या स्लीपिंग बॅगमध्ये. कागदी नकाशा सोबत असूच द्या. शिट्टी छातीच्या पट्ट्याला: संकटात मिनिटभरात सहा फुंकर, मग एक मिनिट शांतता, पुन्हा सहा. शौचासाठी छोटं खुरपं, खड्डा 15 ते 20 सेंटिमीटर खोल, पाण्यापासून निदान 60 मीटर लांब. खाणं असं की चालता चालता खिशातून तोंडात टाकता येईल. घरच्या एकाला वाट, मुक्काम आणि ‘या वेळेपर्यंत निरोप आला नाही तर शोध घ्या’ हे लिहून दिलेलं असावं.

सकाळी तंबू गुंडाळल्यावर खुंट्या मोजा. आठ आणल्या होत्या आणि सात भरल्या, तर एक तिथेच गवतात आहे.